तिसऱ्या फळीपर्यंत भोपळे

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला झेल्हेम गावच्या ट्रकनं आर्लीन हेसेलिंकच्या गोठ्यापुढं पाठ उचलली आणि गावभरचे भोपळे गडगडत सिमेंटच्या ओट्यावर येऊन पडले. हसरे, रागीट, दातपडके, डोळे फाटलेले. काल संध्याकाळी हॅलोविनला ज्यांच्या पोटात मेणबत्त्या जळत होत्या, त्यांची तोंडं आज एकमेकांच्या टाळक्यावर. काही फुटले, काही घरंगळत थेट आर्लीनच्या गमबुटापाशी आले. तिनं एकाला पायानं अडवलं, उताणा केला, वाकून वास घेतला आणि कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"हे काय करून ठेवलंस गं पोरी?"

पोरगी म्हणजे टेसा अर्बानेक, गावच्या कचेरीतली नवी कारकून. मॅडिसन शहरातून आलेली, कामाला चपळ, बोलायला गोड, आणि जे जे विखुरलेलं दिसेल ते एका जागी आणून ठेवायची भारी हौस.

"तुमचा त्रास वाचवला, मिसेस हेसेलिंक. दर वर्षी तुम्ही तीन-तीन दिवस घरोघर हिंडता, या वयात. यंदा आम्ही आगीच्या बंबाच्या आवारात मोठी लोखंडी पेटी ठेवली. लोकांनी आपणहून आणून टाकले. सकाळपासून दुपारपर्यंत गाव साफ."

"ते झालं. पन कुनाचा कुटला?"

टेसाला प्रश्नच कळला नाही. "सगळे भोपळेच आहेत की."

आर्लीननं डोळे मिटले आणि परत उघडले. ढीग तिथंच होता.

"तुम्हाला नको असतील ते बाजूला काढा," टेसा म्हणाली, "सोमवारी सकाळी दहाला कचऱ्याची गाडी येईल. फक्त एक आहे, निवडलेला माल तोवर आत गेला पाहिजे. बाहेर जे दिसेल ते सगळं गाडी उचलणार, तसा करारच आहे. पण सोमवार म्हणजे पुष्कळ झालं ना? मध्ये रविवार आहे. आख्खा दिवस जादा मिळतोय तुम्हाला."

"रविवार," आर्लीन म्हणाली. "व्हय की."

आणि तिला हसू आलं. झेल्हेममध्ये रविवारी कुणी दोरीवर धुणं वाळत घालत नाही. गवत कापायचं यंत्र रविवारी चालवल्याबद्दल एका जावयाचं नाव इथं अकरा वर्षं निघत होतं. जनावराला दाणापाणी करावं, गाय अडली तर हात घालावा, तेवढं देवाला चालतं. बाकी हात खिशात. आज गावानं एवढ्या तातडीनं भोपळे आणून टाकले तेसुद्धा त्यापायीच. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजते तेव्हा पायरीवर कोरलेलं तोंड दात विचकत बसलेलं दिसता कामा नये. मॅडिसनच्या पोरीला हे कोण सांगणार होतं. तिनं आपल्या परीनं भलंच केलं होतं.

ट्रक गेला. गोठ्याच्या दारात गेरिट उभा होता. आर्लीनचा नवरा, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत.

"लई झालं की गं," तो ढिगाकडं बघून म्हणाला. "कनगी भरून वर सांडंल."

"भरंल का न्हाई ते सोमवारी बघ."

"मी कुटं काय म्हनलं?"

"तू न म्हनता लई म्हनतोस."

गोष्ट अशी होती. ऑगस्टात अंगणातल्या मेपलखाली बसून नवरा-बायकोनं एक सौदा केला होता. गेरिटचा धाकटा भाऊ हिवाळाभर आरिझोनात राहतो, तिथून तो संत्र्याच्या झाडाखाली अर्ध्या चड्डीत बसलेले आपले फोटो धाडतो. गेरिटच्या गुडघ्यांना ते फोटो बघवत नाहीत. पण दारात डुकरांच्या तीन माद्या, योहाना, डीना आणि थोरली ट्रुडा, आणि त्यांची वाढती चौदा पिल्लं. डुकरं टाकून हिवाळ्यात कोण कुठं जाणार? "माद्या विकू या," असं गेरिट चार वर्षं म्हणत होता. आर्लीन चार वर्षं ऐकत नव्हती.

शेवटी तोच म्हणाला, "भोपळ्यावर ठरवू. नोव्हेंबरातल्या पैल्या सोमवारी कचऱ्याची गाडी यायच्या आत जुनी मक्याची कनगी तिसऱ्या फळीपत्तुर चांगल्या भोपळ्यानं भरली, तर माद्या ऱ्हातील आन् मी पुन्यांदा आरिझोनाचं नाव घेनार न्हाई. न्हाई भरली, तर थँक्सगिव्हिंगच्या सनाआधी, ह्याच म्हैन्यात, माद्या बाजारात आन् आपन दोघं मार्चपत्तुर ऊनात."

आर्लीननं हात पुढं केला होता. एकोणीस वर्षं ती कणगी तिसऱ्या फळीच्या खाली कधी राहिली नव्हती. हरण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. तिच्या मांसाला तळ्यापलीकडच्या गावांतून गिऱ्हाईक यायचं ते या भोपळ्यांमुळंच. महिनाभर भोपळा खाल्लेल्या डुकराच्या मांसाला एक गोडी येते, ती विकतच्या खाद्यानं येत नाही. भोपळा नसेल तर या वयात डुकरं पाळण्यात अर्थ नाही, हे गेरिटचं म्हणणं तिलाही खोडता येत नव्हतं. म्हणून तर तो सौदा खरा होता.

आणि चांगला भोपळा, एवढ्या एका शब्दात तिची एकोणीस वर्षांची विद्या होती. रंगवलेला चालत नाही, चमकी लावलेला चालत नाही. मेणबत्तीचं मेण असेल तर चमच्यानं खरवडून काढता येतं. हे सगळं आंधळ्यालाही कळेल. खरी भानगड ब्लीचची. कोरलेला भोपळा आठवड्यात बसतो, तोंड आत ओढून घेतो, दात गेलेल्या म्हाताऱ्यासारखा. तो टिकावा म्हणून काही बाया त्याला कपडे धुवायच्या ब्लीचच्या पाण्यात बुचकळून काढतात. वरून काही दिसत नाही. नऊ वर्षांपूर्वी असला एक घास ट्रुडाच्या आईच्या पोटात गेला होता. तिनं मेलेली पिल्लं टाकली, सगळी नऊ. आर्लीननं ती स्वतः पुरली. तेव्हापासून ती दारोदार जायची, पायरीवर उभी राहायची, घरधनिणीच्या तोंडाकडं बघून विचारायची, "बुडवलास का?" दारात उभं राहून खोटं बोलणं अवघड असतं. कुणाकडचा घ्यायचा, कुणाकडचा नाही, हे तिला रस्त्यागणिक पाठ होतं.

आता दार नाही, पायरी नाही. नुसता ढीग.

अंधार पडायला दीडेक तास होता, आणि शनिवारी दिवे लागले की झेल्हेमचा रविवार सुरू होतो. तेवढ्यात तिनं रंगवलेले, चमकीचे, कुजून पाणी झालेले असे सगळे ओढून कुंपणाकडं लावले. उरलेल्या ढिगापुढं ती उभी राहिली. थंडीनं वास मारला गेला होता, आणि जो होता तो सगळ्यांना सारखाच, ओल्या कुजक्या सालीचा. नाकानं आज काम होणार नव्हतं.

मग तिची नजर एका तोंडावर पडली. डावा डोळा नीट, उजवा डोळा मोठा आणि तिरका, कापताना सुरी खाली घसरलेली.

"रुसिंक," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय?" गेरिट.

"विल्मर रुसिंकचा हाय हा. डावखुरा. लहानपनीबी असाच कापायचा."

आर्लीननं गावच्या शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं काढली होती. बटाट्याचा लगदा, वाटाणे, शुक्रवारी मासळी. ताटात किती वाढायचं हे ती पोराच्या मनगटाकडं बघून ठरवायची. घरात दूध कमी असेल त्या पोराला न विचारता दुसरा पेला. तिनं कधी कुणाला 'बाळा' म्हटलं नाही, कधी कुणाला उपाशी उठू दिलं नाही. आणि दर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जेवणघराच्या लांब बाकांवर वर्तमानपत्रं पसरून सगळी शाळा भोपळे कोरायला बसायची. सुऱ्या तिच्या, चमचे तिचे, लक्ष तिचं. आतल्या बिया ती मीठ लावून भाजून त्याच दिवशी पोरांना वाटायची. एकतीस वर्षं तिनं या गावचे हात बघितले होते. कोण घाईत कापतं, कोण आधी पेन्सिलनं आखतं, कोण दात कापताना जीभ बाहेर काढतं. ती पोरं आता बापे आणि बाया झाली होती. हात मात्र तेच होते.

"दिवस बुडाला," गेरिट म्हणाला.

आर्लीननं हातमोजे काढले आणि घरात गेली.

*

रविवारी प्रवचन लांबलं. पास्टर तिसऱ्या मुद्द्यावर आले तेव्हा बाकांवरून पेपरमिंटच्या गोळ्या दुसऱ्यांदा फिरल्या. आर्लीनच्या डोळ्यांपुढं देवाची करुणा नव्हती, कोरलेली तोंडं होती. चर्च सुटल्यावर तळघरात कॉफी पिताना विल्मर रुसिंक तिच्याशेजारी येऊन टेकला. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, तोंडानं फटकळ.

"काय हो मिसेस हेसेलिंक, सगळं गाव तुमच्या दारात नेऊन ओतलं म्हनं."

"ओतलं. आन् उद्या दहाला परत भरून न्यायचंय. निवडायला सकाळचे चार तास."

"मग आज?"

"आज काय हाय ते तुला ठावं न्हाई?"

विल्मरनं कॉफीत बिस्कीट बुडवलं. "काम करायचं न्हाई खरं. पन बघायला काय झालं? जेवन झाल्यावर मानूस पाय मोकळं करायला जातोच की. तुमच्या अंगनात गेलं तर पाप लागंल का?"

आर्लीननं त्याच्याकडं नीट बघितलं. शाळेत असतानाही हा पोरगा नियम मोडायचा नाही, नियमाच्या कडेकडेनं चालायचा.

"बघनं म्हंजे काम न्हाई," ती म्हणाली.

दुपारी दोनच्या पुढं माणसं यायला लागली. रविवारचे कपडे, चकचकीत बूट, हात खिशात. कुणी ढिगाला हात लावला नाही. कडेकडेनं फिरले, मान वाकडी करून बघितलं, मेल्यांची तोंडं ओळखायला आल्यासारखे. विल्मरनं छत्रीच्या टोकानं दाखवलं, "ह्यो माझा. ह्यो बी माझा. बुडवलेला न्हाई, माझ्या घरात बायकोला कापडं धुवायला ब्लीच पुरत न्हाई."

"तुझी बायको कुटं हाय मग?"

"घरी. झोपलीया. म्हनून तर बोलतोय."

लोक हसले. हसल्यावर बाकीच्यांच्याही जिभा सुटल्या. एकीनं दोन दाखवले आणि मान खाली घालून म्हणाली, "हे न्हाई चालायचे." आर्लीन नुसती "बरं" म्हणाली. कुणाला रागे भरली नाही. भटारखान्यातही ती अशीच होती, पेला फुटला तर आधी काचा उचलायची. दुसऱ्या एकाला आपला भोपळा तळाशी अडकलेला दिसला, त्यानं बुटाच्या टोकानं वरचा जरासा ढकलला. लगेच सगळ्यांच्या नजरा आभाळाकडं गेल्या. बुटाच्या टोकानं ढकलणं काम आहे की नाही, यावर झेल्हेममध्ये अजून निकाल लागलेला नव्हता.

आर्लीन कागद-पेन्सिल घेऊन उभी नव्हती. लिहिणं हे कामच झालं असतं. ती नुसती डोक्यात मांडत होती. हा घ्यायचा, हा टाकायचा. जे आलेच नाहीत त्यांचे हातांवरून ओळखत होती.

साडेतीनच्या सुमाराला नेल्डा ग्रोटनहाउस आली. चर्चच्या वडीलधाऱ्या मंडळींतल्या एकाची बायको, गाव तिला जरा वचकून असायचं. गेली चार वर्षं गावातली सगळ्यात देखणी पायरी म्हणून तिच्या पायरीला बक्षिसाची फीत मिळत होती. अकरा भोपळे, एकाहून एक मोठे, खालच्या पायरीपासून दारापर्यंत चढत गेलेले. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मांडलेले ते हॅलोविनपर्यंत जसेच्या तसे, टवटवीत.

"माझे अकरा ते समोरचे," ती म्हणाली. "दिसतायतच."

"दिसतायत," आर्लीन म्हणाली. "लई टिकले गं तुझे, नेल्डा. तीन आठवडं बसले, कुनाचा गाल बसला न्हाई."

"सावलीची पायरी आहे आमची."

"बुडवलेस का?"

 विल्मरनं छत्री उघडली आणि मिटली.

"मिसेस हेसेलिंक," नेल्डा म्हणाली, "माझे भोपळे स्वच्छ आहेत."

आर्लीन तिच्याकडं बघत राहिली. आठव्या इयत्तेतली नेल्डा तिला दिसत होती. वेणी घातलेली, नाक वर. बाईंनी विचारल्यावर तिनं भोपळा स्वतः कोरलाय म्हणून सांगितलं होतं, तो थोरल्या भावानं कोरलेला होता आणि आर्लीननं ते कोरताना बघितलं होतं. तेव्हाही आर्लीननं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"बरं," आर्लीन म्हणाली.

लोक गेले. गेरिट गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. तिथून कणगी समोर दिसत होती, जाळीच्या भिंतीची, आडव्या फळ्या ठोकलेली. तिसऱ्या फळीवर त्यानं ऑगस्टातच खडूची रेघ मारून ठेवली होती.

"तिचे अकरा धरशील तर रेघंच्या वर जातंय बघ," तो म्हणाला. "सोडशील तर खाली ऱ्हातंय. मी डोळ्यानं मापलंय."

"मीबी मापलंय."

"मग?"

"मग काय. तिचे टाकायचे."

गेरिटनं खडूच्या रेघेकडं पुन्हा बघितलं. "आर्लीन, ती न्हाई म्हनली की. चार मानसांदेखत. तू तिचा शब्द धरलास तर मी सौद्यात खोट काढनार न्हाई."

"सौदा तुज्यासंगं हाय. ट्रुडासंगं म्या येगळा सौदा केलाय."

गेरिटनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली. या बाईशी त्यानं पन्नास वर्षांपूर्वी लग्न केलं ते तिच्या याच स्वभावासाठी, आणि तेव्हापासून याच स्वभावापायी तो हैराण होता.

*

सोमवारी उजाडलं ते कोरडं आणि थंड. सहाला दोघं बाहेर होती, साडेसहाला विल्मर ढकलगाडी घेऊन हजर झाला.

"कामाला जायचं न्हाई व्हय?"

"गुडघा दुखतोय म्हनून कळवलंय. गेरिटचा दुखतोय, पन कुनाचा ते मला विचारलं न्हाई कुनी."

आर्लीननं एकदाही मागं वळून बघितलं नाही. हात घालायची, तोंड फिरवायची, बघायची, बोलायची. "हा आत. हा कुंपनाला. हा आत, मेन काढ आधी." ज्याच्यावर तोंडच नव्हतं, नुसता अख्खा भोपळा, त्याचा देठ बघायची. देठ कुणी सुरीनं कापलाय, कुणी पिळून तोडलाय, कुणी धरून उचलायला लांब ठेवलाय, त्यातूनसुद्धा तिला शेत कळत होतं आणि शेतावरून गिऱ्हाईक. विल्मर ओढत होता, गेरिट खुर्ची कणगीत नेऊन बसल्या-बसल्या एकेक रचत होता. टाकायचा नाही, रचायचा. ठेचाळलेला भोपळा आठ दिवसांत शेजाऱ्यालाही नासवतो. गेरिट हरण्यासाठी काम करत नव्हता आणि जिंकण्यासाठीही नाही. माल नीट रचला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

नेल्डाचे अकराही तिनं स्वतः ढकलगाडीवरून नेऊन कुंपणाला लावले. तोंडं रस्त्याकडं. मुद्दाम नव्हे, तसेच बसले ते.

साडेनऊला ओटा रिकामा झाला. गेरिट खुर्चीवरून उठला, रचलेल्या भोपळ्यांच्या वरच्या थरावर एक सपाट फळी ठेवली आणि खडूच्या रेघेपर्यंतचं अंतर हातानं मोजलं.

"वीतभर," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. "वीतभर कमी."

विल्मर पुढं झाला. "भोपळं बसत्यात हो. दोन दिसांनी..."

"दोन दिसांनी बसले म्हंजे खालीच जातील की, येड्या," आर्लीन म्हणाली. "गप ऱ्हा."

ती कणगीच्या दारात उभी राहिली. मागं गोठ्यात ट्रुडा फळीला नाक घासत होती, भोपळ्याचा वास तिला केव्हाच लागला होता. आर्लीनचा चेहरा पडला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वीतभर कमी. कमी तर कमी. बाजाराचा दिवस गुरुवार, सकाळी गाडी सांगावी लागेल. ट्रुडाला आधी चढवायची, मग बाकीच्या तिच्या मागं जातात. ती मनात हे सगळं लावत होती तेवढ्यात रस्त्यावर मोटार थांबली.

नेल्डा उतरली. अंगात चांगला लोकरी कोट, ओठांना रंग. सरळ कुंपणाकडं गेली, आपल्या अकरा तोंडांपुढं उभी राहिली, मग वळून अंगणात आली.

"मिसेस हेसेलिंक, सगळ्या जगानं बघावं म्हणून मांडलेत का हे?"

"कचऱ्याची गाडी त्या अंगानं येते."

"मी काल सांगितलं होतं."

"सांगितलंस."

"आणि तरी?"

"आन् तरी," आर्लीन म्हणाली.

 नेल्डानं कणगीकडं बघितलं, खडूच्या रेघेकडं बघितलं. गावात त्या रेघेची गोष्ट माहीत नव्हती असं घर नव्हतं. विल्मरनं तोंड वळवून ढकलगाडीचं चाक तपासायला घेतलं.

"सात," नेल्डा एकदम म्हणाली.

"काय सात?"

"सात बुडवले. ब्लीच संपलं." हे शब्द तिच्या तोंडून असे आले, जणू कुणी दुसरीच बाई बोलत होती. "पुढचं आणायला शनिवारी जाणार होते, राहून गेलं. वरच्या पायरीवरचे चार कोरडे आहेत. मोठे आहेत ते. सगळ्यात मोठे तेच आहेत."

"आन् टवटवीत कसे ऱ्हायले?"

"वरच्या पायरीला खरंच सावली आहे. ते मी खोटं नव्हते बोलले."

आर्लीननं तिच्या तोंडाकडं बघितलं. दारात उभं राहून खोटं बोलणं अवघड असतं, पण हे दार आर्लीनचं होतं, नेल्डाचं नव्हतं.

"काल तू चार मानसांदेखत एक सांगितलंस, नेल्डा. आज दुसरं सांगतेस. मी कुटल्यावर जनावर सोडू?"

 नेल्डा कुंपणापाशी गेली, अकरांतले चार ओळीनं पायानं पुढं सरकवले, त्यातल्या सगळ्यात मोठ्याच्या कोरलेल्या तोंडात हात घातला आणि खालच्या दातांपाशी बोटं रुतवून साल मोडली. करकर आवाज झाला. हाताएवढा तुकडा आला, नारिंगी, दोरेदार, कडेला काजळी धरलेला. लोकरी कोटाच्या बाहीनं तिनं तो पुसला आणि दातांनी तोडला.

विल्मर चाक सोडून बघत राहिला.

कोरायचा भोपळा कच्चा खाणं म्हणजे ओला दोर चघळणं. नेल्डानं तो चघळला, डोळ्यांत पाणी आलं तरी चघळला, गिळला. मग दुसऱ्या भोपळ्याकडं वाकली.

"चारीचा खाशील?" आर्लीननं विचारलं.

"चारीचा."

आणि खाल्ला. दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. चौथ्याला हात घालणार तेवढ्यात आर्लीननं तिचं मनगट धरलं. त्या मनगटाकडं बघून ती एके काळी बटाटे वाढत असे.

"बास," ती म्हणाली. "चारबी चांगले हायत. माझंच चुकलं. तुज्या अकराला मी एकाच मापानं मोजलं."

"सातांत नव्हतं चुकलं."

"न्हाई. सातांत न्हाई."

नेल्डानं रुमालानं तोंड पुसलं. "वास जात नाही याचा."

"घरात चल, कॉफी ठेवते. विल्मर, बघत काय ऱ्हायलास, उचल."

विल्मर आणि आर्लीन दोघांनी मिळून चार भोपळे आणले. एकेकाला दोघांचे हात लागत होते. गेरिटनं ते कोपऱ्यांत घेतले, दोन इकडं, दोन तिकडं, मधले तीन वर सरकवून थर सारखा केला. मग सपाट फळी ठेवली. वाकला, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. खडूची रेघ फळीच्या मागं गेली होती. हात लावून बघितलं तर थर रेघेच्या बोटभर वरच.

रस्त्याच्या वळणावर कचऱ्याची गाडी दिसली, मागं टेसाची छोटी मोटार. टेसा उतरली, रिकाम्या ओट्याकडं बघून तिचा चेहरा फुलला. "झालं की. पुढच्या वर्षी दोन पेट्या ठेवू का?"

"एकबी नको," आर्लीन म्हणाली. "पुढच्या साली भोपळे ज्याच्या त्याच्या पायरीवर ऱ्हाऊ देत. मी येते घ्यायला. तू माझ्यासंगं ये, तुला दारं दाखवते."

"सगळी?"

"सगळी. तीन दिवस लागत्यात."

टेसानं नेल्डाकडं बघितलं, मग विल्मरकडं. कुणी हसलं नाही, म्हणून तिनं होकाराची मान डोलावली.

गेरिट अजून कणगीतच होता. गुडघ्यावर हात टेकून तो हळूहळू बाहेर आला, दार ओढलं आणि आकडा घातला. मग आर्लीनपाशी आला.

"ट्रुडा कवा वितीया?" त्यानं विचारलं.

"फेब्रुवारीत. दुसऱ्या आठवड्यात."

"मग आडोशाच्या त्या फळ्या बदलाय पायजेत. वारं येतंय तितनं." तो गोठ्याकडं निघाला, दोन पावलं गेला आणि थांबला. "विल्मर, आज तुजा गुडघा दुखतोयच म्हनं. मग ये, हातोडी धर."

आर्लीननं शेवटच्या थरातला एक फुटका भोपळा आधीच बाजूला ठेवला होता. तो तिनं फावड्यानं चार फाकांत मोडला, बिया तशाच ठेवल्या, आणि गोठ्याच्या फळीवरून आत टाकला. ट्रुडानं इकडं तिकडं बघितलं नाही. तिच्या दातांखाली साल फुटली तो आवाज अंगणभर ऐकू आला.